आरोहणस्तोत्रांना चाली : घरातल्या प्रकल्पाच्या नोंदी

12 जानेवारी 2025, रविवार

उपासनेवरून आल्यावर वही काढली. काम असे : बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतली 120 ते 134 ही पंधरा आरोहणस्तोत्रे, म्हणजे चढणीची गीते, मराठी छंदात बांधायची, त्यांना चाली लावायच्या आणि घरातल्याच माणसांनी गाऊन ती ध्वनिमुद्रित करायची. गाणारी माणसे ठरलेली आहेत : सासूबाई, नवरा, मुलगी, मुलगा आणि मी. पेटी माझ्याकडे, तबला नवऱ्याकडे.

हीच पंधरा का, तर ती चालणाऱ्या घरांची गाणी आहेत. वल्हांडण, सप्ताहांचा सण आणि मांडवांचा सण, अशा तीन सणांना यहुदी लोक यरुशलेमेला जात आणि वाटेत ही गीते म्हणत, असे परंपरेने मानले जाते. मंदिराशीही त्यांचे नाते आहे. मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या जुन्या ग्रंथात मंदिराच्या पंधरा पायऱ्यांचा उल्लेख येतो. त्या या पंधरा स्तोत्रांइतक्याच होत्या, आणि मांडवांच्या सणात लेवी, म्हणजे मंदिराचे सेवक, त्यांच्यावर उभे राहून वाजवत व गात असत. पण माझा जीव ओढला जातो तो वाटेवरच्या गाण्याकडे. लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात बारा वर्षांचा येशू आईवडिलांबरोबर, नातलगांच्या घोळक्यातून सणाला जातो. तेव्हा ही गीते त्याच्या ओठी असणार, असे मला मनापासून वाटते. नुसते ऐकून तर पाठ झाली असतील.

त्या घोळक्यात म्हातारी माणसे असणार, कडेवरची मुले असणार, दिवसभर चालून थकलेल्या बायका असणार. तयार गळ्याच्या माणसालाच झेपणारी चाल तिथे चाललीच नसती. म्हणून या प्रकल्पाचा पहिला नियम आजच लिहून ठेवते. घरातल्या सर्वांत अडचणीतल्या गळ्याला जी झेपेल तीच चाल पक्की. माझ्या आवडीचा प्रश्न त्यानंतर.

18 जानेवारी

पट्टी ठरवण्याचे काम. सासूबाईंचा आवाज वयानुसार खाली आला आहे. वर चढताना त्या मध्येच थांबतात आणि हाताने “तू म्हण” अशी खूण करतात. मुलाचा आवाज फुटतो आहे. गेल्या वर्षी ज्या सुरावर तो सहज उभा राहायचा तिथे आता आवाज दोन तुकड्यांत येतो, त्यामुळे तो चारचौघांत गायचेच टाळतो. दोघांना पेटीजवळ बसवून एकेक सूर म्हणवून घेतला. दोघांच्या आवाजांचा सामायिक पट्टा निघाला पांढरी पाचपासून, म्हणजे पेटीवरच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीपासून, जेमतेम सहा सुरांचा. नातवाचा आणि आजीचा आवाज एकाच जागी अडतो हे दोघांनाही फार आवडले.

ठरले : षड्ज पांढरी पाचवर, सगळ्या चाली षड्ज ते धैवत (सा ते ध) एवढ्यातच. नवरा खालच्या सप्तकात गाईल. वरचा षड्ज नाही, ताना नाहीत. निषादालाही जागा नाही, म्हणजे भूप आणि दुर्गा यांच्यासारखे निषाद वगळणारे राग इथे आपोआप जवळ येतात. सहा सुरांत पंधरा चाली कशा वेगळ्या ठेवायच्या हा खरा प्रश्न आहे. लय, ठेका आणि कोणी कोणते म्हणायचे यांतून वेगळेपण काढावे लागेल.

25 जानेवारी

आज छंदाचा विचार, आणि यावर थोडे सविस्तर लिहिते, कारण पुढचे सगळे यावर उभे राहणार आहे.

हिब्रू काव्यात यमकावर भर नाही. एक ओळ म्हणायची आणि लगेच दुसऱ्या ओळीत तीच गोष्ट वेगळ्या अंगाने म्हणायची, अशी त्याची घडण. ज्या ज्या समाजाने ही स्तोत्रे लोकांच्या तोंडी दिली त्याने ती आपापल्या छंदात आणली. जिनिव्हात 1562 पर्यंत दीडशेच्या दीडशे स्तोत्रे फ्रेंच पद्यात तयार झाली. स्कॉटलंडच्या 1650 च्या संग्रहात बहुतेक स्तोत्रे 8-6-8-6 अशा मापात बसवली, म्हणजे एक चाल आली की कितीतरी स्तोत्रे गाता येतात.

आपल्याकडे हे माप शोधायला लांब जावे लागत नाही. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडहून गोव्याला आले आणि त्यांनी ख्रिस्ताची कथा सांगायला ओवी निवडली. त्यांचे ते पुराण 1616 मध्ये छापले गेले, दहा हजारांवर ओव्यांचे. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (1861–1919) अभंग हाती घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. त्यांची शेकडो पदे आजही आमच्या मंडळ्यांतून, म्हणजे चर्चमधून, गायिली जातात, आणि मी पेटीवर बोटे ठेवायला शिकले तीही त्यांच्याच पदांवर. सासूबाईंना तर पुस्तक लागतच नाही.

मोठ्या अभंगाचे माप सहा-सहा-सहा-चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचे यमक जुळते आणि चौथा चरण आखूड राहतो. बहुतेक स्तोत्रे या मापात. 131 सारखी लहानगी स्तोत्रे आठ-आठच्या छोट्या अभंगात. 132 मात्र अठरा वचनांचे आहे, पंधरांत सर्वांत लांब. त्याचा विचार शेवटी.

शास्त्रातला मजकूर जसाच्या तसा घ्यायचा नाही, पद्य स्वतः रचायचे. पण स्तोत्रात नसलेली गोष्ट आत घालायची नाही. यमकासाठीसुद्धा नाही.

2 फेब्रुवारी

121 चे पहिले दोन चरणगट पक्के झाले :

लावियले डोळे । डोंगरांच्याकडे । साह्य कोणीकडे । शोधू माझे ॥
माझे साह्य येते । त्याचिया हातून । आकाशापासून । भूमी ज्याची ॥

पहिला अभंग “माझे” वर संपतो आणि दुसरा “माझे” नेच उघडतो. ही मला सुचलेली करामत नव्हे. मूळ स्तोत्रच असे बांधलेले आहे : एका ओळीच्या शेवटचा धागा पुढची ओळ उचलते, आणि आरोहणस्तोत्रांत हे पुन्हा पुन्हा घडते. मोरोपंतांची आर्या शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला हे दामयमक ओळखीचे वाटेल. चढणीवर एक पाऊल टेकल्याशिवाय दुसरे उचलता येत नाही, तशीच ही ओळींची चाल आहे. मराठीला ही रीत आधीपासून येत होती याचा मला आज विलक्षण आनंद झाला.

आणखी एक गोष्ट पुन्हा वाचताना ठळक झाली. पहिल्या दोन वचनांत “मी” बोलतो. तिसऱ्यापासून कोणीतरी दुसरा त्याला “तू” म्हणून उत्तर देतो : तुझा पाय घसरू देणार नाही, तुझा राखणदार झोपत नाही. मूळ हिब्रूत “राखणे” या अर्थाचे क्रियापद तिसऱ्या ते आठव्या वचनापर्यंत सहा वेळा येते. म्हणजे हे एकट्याचे गाणे नाही. एक जण घाबरून विचारतो, बरोबरचा धीर देतो.

म्हणून वाटणी अशी : पहिले दोन अभंग मुलाने म्हणायचे, पुढचे सगळे आजीने. राग दुर्गा. “शोधू माझे” हा चरण मध्यमावर सोडायचा, आणि “भूमी ज्याची” षड्जावर टेकवायचा. मुलाला त्याच्या अडखळत्या आवाजासकट हे दोन अभंग द्यायचे का, असे नवऱ्याने विचारले. मला वाटते विचारणाऱ्याचा आवाज थोडा डळमळलाच पाहिजे. मुलाने “बघू” म्हटले. नाही म्हटले नाही.

9 फेब्रुवारी, रविवार

दुपारी टेकडीवर गेलो. चढायची हौस मुलाला आणि नवऱ्याला. सासूबाई खाली झाडाखाली क्रोशाची सुई घेऊन बसल्या. 121 चढता चढता म्हणून पाहायचे होते. घरात पेटीसमोर बसून चाल बरी वाटते, पण ही गीते चढणीची आहेत. यरीहो समुद्रसपाटीच्या खाली सुमारे अडीचशे मीटर, यरुशलेम वर साधारण साडेसातशे मीटर. त्या वाटेने येणाऱ्याला हजार मीटरची चढण. तिथे लांब दमाची ओळ कोण म्हणेल?

टेकडीवर कळले ते असे. सहा अक्षरांचा चरण एका श्वासात आरामात बसतो. तीन चरण सलग म्हटले की छाती भरते. आणि नेमका तिथेच चौथा चरण दोन अक्षरांनी आखूड येतो. उरलेल्या मात्रांत श्वास घेता येतो, पुढचे पाऊल चुकत नाही. अभंगाचे माप मी आजवर कागदावर मोजत आले. पायांनी मोजले ते आज. शेकडो वर्षे वारीत चालणाऱ्या लोकांच्या तोंडी हा छंद राहिला, त्याला त्यांच्या श्वासाचे वळण लागलेले असणार असे मला वाटते.

परिणाम : 121 ची लय थोडी उतरवली. भजनी ठेका तसाच. “त्याचिया हातून” वर मी गळ्याची एक छोटी हरकत घेत होते ती काढली. चढताना ती कोणालाच घेता आली नाही.

मुलाने वर पोचल्यावर पहिला अभंग एकट्याने म्हटला. वारा होता, म्हणून त्याला मोकळे वाटले असेल.

15 फेब्रुवारी

पेटीचे काम. ही बाबांची पेटी. ते मंडळीत वाजवत आणि दुरुस्तीही स्वतःच करत. पेटी उघडणे हा माझा सर्वांत आवडता विरंगुळा. शनिवारची दुपार, जमिनीवर पसरलेले जुने वर्तमानपत्र, मऊ ब्रश आणि बाबांनी सांगितलेला क्रम.

खर्जाच्या पंचमाची रीड, म्हणजे सूर देणारी पितळी जीभ, उशिरा बोलत होती. जिभेखाली कचरा अडकला होता. पातळ कागद सरकवून काढला. मध्यम किंचित उतरला होता. रिडेच्या मोकळ्या टोकाशी अगदी हलके खरवडले की टोक हलके होऊन सूर चढतो. मुळाशी, जिथे ती ठोकलेली असते तिथे खरवडले की सूर उतरतो. पितळ एकदा गेले की परत येत नाही, म्हणून बाबा म्हणत, दोनदा ऐक आणि एकदा घास. भात्याची घडी एका कोपऱ्यात सुटली आहे, तिथे नवी चामड्याची पट्टी लावली.

फ्रान्समध्ये जन्मलेले हे वाद्य पाद्री मंडळींबरोबर आपल्याकडे आले. 1875 च्या सुमारास कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी पायपेटीची हातपेटी केली आणि ती जमिनीवर बसून वाजवणाऱ्यांची झाली. पुढे 1940 ते 1971 आकाशवाणीवर पेटीला बंदी होती : तिला मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) येत नाही, तिचे सूर बांधलेले आहेत, हा आक्षेप. आक्षेप खोटा नाही. पण ज्या घरात कोणाला स्वर लावता येत नव्हता तिथे तिने अख्ख्या मंडळीला एका सुरात आणले, हेही तितकेच खरे.

23 फेब्रुवारी

127. घर परमेश्वराने बांधले नाही तर बांधणाऱ्यांचे श्रम फुकट. पहाटे उठणे, रात्री उशिरापर्यंत जागणे फुकट. तो आपल्या प्रियजनांना झोप देतो. पंधरांपैकी फक्त हेच शलमोनाच्या नावावर आहे. ज्याने मंदिर बांधले त्याच्या नावाचे गीत बांधण्याच्या मर्यादेविषयी बोलते, हे मला फार मोठे वाटते.

स्तोत्राची चाल बसवायची आणि त्यासाठीच जागायचे हे बरे दिसत नाही. म्हणून नियम दुसरा : रात्री दहानंतर वही बंद. नवऱ्याने तबल्यावर लगेच खोळ घातली.

चाल : धीमा दादरा, शेवटच्या चरणावर लय आणखी सैल.

5 मार्च, भस्म बुधवार

लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ, सुरू झाला. आज 130.

खोल गर्तेतून हाक मारणारे हे स्तोत्र. धर्मसुधारक मार्टिन लूथरने 1524 मध्ये ते जर्मन पद्यात आणले. बाबांच्या अंत्यविधीला पाळकसाहेबांनी हेच वाचले होते आणि त्यानंतर बरेच दिवस मी या पानावर थांबत नसे. आता थांबते. त्यात मृत्यूविषयी काहीच म्हटलेले नाही, हे मला आज वाचताना जाणवले. ते क्षमेविषयी आहे आणि वाट पाहण्याविषयी आहे. तू अपराध टिपून ठेवलेस तर कोण टिकेल, असे विचारून ते पुढे म्हणते की तुझ्याजवळ क्षमा आहे.

मग ती ओळ : पहारेकरी पहाटेची वाट पाहतात त्याहून माझा जीव प्रभूची वाट पाहतो. आणि लगेच पुन्हा तेच, पहारेकरी पहाटेची वाट पाहतात त्याहून. दोनदा. ही पुनरुक्ती गाळून पद्य सुटसुटीत होते, पण गाळायची नाही. वाट पाहणे दोनदाच म्हणायचे असते.

मुलीला पक्ष्यांचा नाद आहे. अंधार असताना उठून गच्चीवर जाते, कानाने टिपते आणि वहीत वेळ लिहिते. तिला विचारले, पहाट झाली हे तुला आधी कशावरून कळते? म्हणाली, “उजेडावरून नाही गं, दयाळावरून. तो अंधारातच सुरू करतो.” तिच्या वहीत पहिला आवाज सूर्योदयाच्या बराच आधीचा आहे. मला या स्तोत्राची चाल तिथेच मिळाली. दोन्ही ओळी त्याच सुरांत. फक्त दुसऱ्या वेळी पेटी थांबवायची आणि मुलीचा आवाज एकटा ठेवायचा. राग जोगिया, पहाटेचा. षड्ज, कोमल ऋषभ, मध्यम, पंचम, कोमल धैवत, एवढ्यावर भागते आणि आपल्या पट्ट्यातही बसते. ठेका नाही. श्वासावर गायचे.

विश्वासाची उत्तरे मला चटकन देता येत नाहीत. मंडळीत कोणी दुःखात असले की मी बोलण्यापेक्षा पेटीकडे जाते. पण अंधारातच गाणे सुरू करता येते हे मी मनापासून मानते, आणि माझ्या लेकीने ते कानाने टिपून आणले आहे.

16 मार्च

124 आणि 129 एकत्र घेतली. दोन्हींत पहिली ओळ झाल्यावर “इस्राएलाने आता म्हणावे” अशी सूचना मजकुरातच आहे, आणि मग ओळ पुन्हा येते. म्हणजे मुख्य गाणारा सांगतो आणि बाकीचे झील धरतात. कीर्तन-पोवाड्यात वाढलेल्या माणसाला यात काही समजावून सांगावे लागत नाही. नवरा मुख्य, आम्ही चौघे झीलकरी. त्याने पहिल्यांदाच तबला बाजूला ठेवून गायले, आणि सासूबाई नातवाला हळूच म्हणाल्या, “तुझा बाबा लहानपणी संडे स्कूलमध्ये असाच ओरडायचा.” एका बैठकीत दोन्ही झाली.

22 मार्च

131. तीनच वचने. आज दिवसभर याच्यापाशी होते.

उंच नाही माझे मन । नाही गर्विष्ठ नयन ॥
माझा जीव माझ्या अंगी । आईपाशी बाळ उगी ॥

इथवर बरे होते, पण मूळ स्तोत्रात ते नुसते बाळ नाही, दूध सुटलेले बाळ आहे. यमकात ते बसत नव्हते आणि मला त्याची गरजही नीट कळत नव्हती. सासूबाईंना विचारले. त्यांचे विणकाम थांबले नाही. म्हणाल्या, “अंगावर पिणारे मूल जवळ येते ते भुकेने. तोंड फिरवते, चाचपते, रडते. दूध सुटलेले मूल येते तेव्हा त्याला काही नको असते. नुसते टेकून बसते.” मग थोड्या वेळाने, “मधले दिवस मात्र फार वाईट असतात. त्याचेही आणि आईचेही.”

तिसरे द्विपद त्यानंतर आले :

नको दूध, नको खाऊ । तुझ्यापाशी उगी राहू ॥

माझी प्रार्थना बहुतेक वेळा मागण्याची असते. मुलांच्या परीक्षा, घरातली दुखणी, मंडळीतली भांडणे. मागू नये असे नाही; मागायला शास्त्रच सांगते. पण मागून झाल्यावर मी उठते. न मागता टेकून बसणे ही प्रार्थनाच आहे, हे सासूबाईंच्या त्या दोन वाक्यांनी मला जितके कळले तितके प्रवचनांतून कळले नव्हते. आणि “मधले दिवस” हेही स्तोत्रात आहे. दावीद म्हणतो, मी आपला जीव शांत केला आहे. तो आपोआप झालेला नाही.

हे स्तोत्र सासूबाई एकट्या म्हणतील. सा, रे, ग, प, चार सूर.

30 मार्च

131 ला पेटी नको. कारण गंधार. पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. सप्तक 1200 सेंट धरले तर तिचा गंधार 400 वर येतो. कानाला षड्जाशी एकजीव वाटणारा शुद्ध गंधार 386 च्या आसपास. म्हणजे पेटीचा गंधार चढा. पंचमात फरक फक्त दोन सेंटचा, तो कळत नाही. घाईच्या चालीत गंधारही खपून जातो. पण सासूबाई एकेक सूर ठेवून म्हणतात, आणि पेटी थांबवली की त्यांचा गंधार आपसूक खाली येऊन स्थिरावतो. कोणी शिकवलेले नाही. तानपुऱ्याची नुसती षड्ज-पंचमाची साथ ठेवली.

6 एप्रिल

दादाचा फोन. दादा आता दुसऱ्या मंडळीत जातो. तिथे गिटार, कीबोर्ड, ड्रम्स आणि बरीच तरुण मुले. आमच्या दोघांत या विषयावर गेली काही वर्षे ओढाताण आहे. त्याचे म्हणणे, अभंग आणि टाळ यांत आपण अडकून राहिलो तर मुले मंडळीतून निघून जातील. माझे म्हणणे, ज्या छंदात आजीला श्वास घेता येतो तो टाकला तर मुलांना द्यायला आपल्याकडे उरेल काय? त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. त्याच्या मंडळीतली मुले मोठ्या आवाजात आणि मनापासून गातात, मी स्वतः पाहिले आहे.

आज मी त्याला वाद न घालता विचारले, 133 मध्ये गिटार वाजवशील का? भावांनी एकत्र राहणे किती चांगले, असे ते स्तोत्र. विचारताना मला अर्थ ठाऊक होता, त्यालाही. तो हो म्हणाला.

12 एप्रिल

दादा आला. 133 चे काम जमून गेले, आणि ते कसे ते लिहिते.

या स्तोत्रात दोन चित्रे आहेत. अहरोन या याजकाच्या मस्तकावरचे तेल दाढीवर आणि तिथून वस्त्राच्या गळ्याकडे उतरते. हर्मोन पर्वताचे दव यरुशलेमेतल्या सियोनाच्या डोंगरांवर उतरते. हर्मोन उत्तरेला, 2,814 मीटर उंच. “उतरणे” हे क्रियापद मुळात तीनदा आले आहे. चढणीच्या गीतांमधले हे गीत वरून खाली येते, म्हणून चालही वरून सुरू केली : धैवत, पंचम, गंधार, ऋषभ, षड्ज. भूप. प्रत्येक ओळ वरून निघते आणि षड्जावर येऊन बसते.

गिटारचा प्रश्न असा की सवयीने दादाचा हात सी आणि डी कॉर्डकडे जातो. आपला षड्ज पांढरी पाच, म्हणजे त्याचा जी. सी कॉर्डमध्ये मध्यम येतो, डी मध्ये निषाद. दोन्ही भूपात नाहीत आणि ऐकताच चाल परकी वाटायला लागते. दोघांनी मिळून शोधले. जी मेजरमध्ये षड्ज-गंधार-पंचम, ई मायनरमध्ये धैवत-षड्ज-गंधार. हे दोनच कॉर्ड घेतले तर भूपाला कुठेही धक्का लागत नाही. ओळ वर असताना ई मायनर, खाली उतरली की जी. दादा म्हणाला, “एवढ्यावर होईल?” झाले. मुलाने मामाच्या शेजारी बसून पूर्ण स्तोत्र म्हटले. सासूबाईंनी दादाला जेवायला थांबवले आणि तो थांबला.

18 एप्रिल, उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे)

पाळकसाहेबांच्या परवानगीने 130 उपासनेत म्हटले. मुलगी एकटी गात असताना पेटीवरून हात उचलून मांडीवर ठेवले होते. बाबांच्या वयाच्या एक बाई नंतर जवळ आल्या, काही बोलल्या नाहीत, माझा हात धरून उभ्या राहिल्या.

26 एप्रिल

ध्वनिमुद्रण सुरू. एकच माइक. पंखा बंद, फोन बंद, भिंतीवर आणि दारावर गोधड्या. मोकळ्या भिंतीवरून आवाज परततो तेव्हा शब्दांच्या कडा बोथट होतात. जागा ठरवताना पहिला नियमच कामी आला. सर्वांत हलका आवाज माइकच्या सर्वांत जवळ : सासूबाई, मग मुलगा, मग मुलगी आणि मी, मागे नवरा, तबला खोलीच्या दुसऱ्या टोकाला. तबला इतका लांब ठेवल्याने थोडा घुमतो, पण शब्द स्पष्ट राहतात. स्तोत्रात शब्दच आधी.

वेगवेगळे ध्वनिमुद्रण करून नंतर जोडावे असे मुलगी म्हणत होती. 133 मात्र नाही, हे तिलाही पटले. एकत्र राहण्याचे गीत वेगवेगळ्या खोल्यांत गायचे नाही. 120, 121, 123 आणि 134 झाली.

10 मे

126 आणि 128 नवऱ्याच्या बागेत बसून पक्की केली. 128 म्हणते, तू आपल्या हातांच्या श्रमाचे फळ खाशील. मुले मेजाभोवती जैतुनाच्या रोपांसारखी असतील. कुंड्या, क्रोशा, पक्ष्यांची वही, उघडलेली पेटी यांत जातो तो वेळ देवाच्या वेळातून काढलेला आहे, असे मला पूर्वी कधी कधी कोणी ऐकवले आहे. मला तसे वाटत नाही. या पंधरा स्तोत्रांत घर आहे, झोप आहे, पेरणी आहे, बाळ आहे, भाऊ आहेत, शेजाऱ्यांची कटकटही आहे. गाणारा या सगळ्यासकट वर जातो.

126 मध्ये रडत पेरणारे गात कापणी करतात. पेरणीचा भाग सासूबाई आणि मी, कापणीचा मुलांनी. ठेका मध्येच दादऱ्यावरून भजनीवर जातो. ही जागा नवऱ्याला अजून दोन-तीन बैठका लागतील असे तो म्हणतो.

राहिलेले काम : 132. अठरा वचने अभंगात घेतली तर लांबतात. कराराच्या कोशाचा (पवित्र पेटीचा) शोध, दाविदाची शपथ, परमेश्वराचे उत्तर अशी त्यात गोष्ट आहे, आणि गोष्ट सांगायला ओवी बरी. साडेतीन चरण, पहिल्या तिन्हींना यमक. सांगणारी एक व्यक्ती आणि मध्ये मध्ये सगळ्यांनी धरायचे एक पालुपद. दादाने निवेदन मागितले आहे. मुलाने पालुपदाची चाल स्वतः करून पाहतो म्हणून पेटी खोलीत नेली आहे. त्याच्या चालीत वरचा षड्ज येऊ द्यायचा नाही एवढेच सांगितले. पुढची बैठक शनिवारी, 125 आणि 122 च्या ध्वनिमुद्रणाने.